चोराचं काम

दात निघत नव्हता. तागाच्या विणीत तिरका रुतून बसला होता, तांदळाच्या कणीएवढा, टोकाला पिवळट – मागच्या खेपेला कुठल्यातरी कुत्र्याच्या सुळ्याचा कपचा उडाला असणार आणि ते कुत्रं तसंच लटकत राहिलं असणार, कुणाच्या लक्षात आलं नसणार. पक्कडीने धरावं तर पक्कड घसरायची. नखाने उचकावं तर आणखी आत जायचा. त्याने स्लीव्ह मांडीवर आडवी घेतली – खांद्यापासून मनगटाच्या पुढपर्यंत जाणारी ती तागाची जाड, ताठ बाही, जिच्यात हात घातला की हात आपला राहत नाही – आणि त्या दाताकडे पाहत बसला. राहू दे. राहिला तर काय बिघडतंय. पण नाही, निघालाच पाहिजे. सकाळपासून प्रत्येक गोष्टीचं असंच चाललं होतं. बुटाची नाडी, दुधाची पिशवी, दाराची किल्ली. प्रत्येक वस्तू ठरवून आडवी येत होती आणि ते त्याला बरंही वाटत होतं, कारण वस्तूवर चिडता येतं. वस्तू समजूत घालायला येत नाही.

"काय चोरमहाराज, दाढ काढताय का?"

पैलवान आत आला. अंगाने काडी, म्हणून पैलवान. हा दुसरा चोर. राखणीच्या कुत्र्यांची परीक्षा असली की मैदानावर कुणीतरी चोर व्हावं लागतं – अंगावर जाड पोशाख, डाव्या हातात स्लीव्ह, उजव्या हातात चामड्याची नरम काठी – आणि एक दमला की दुसऱ्याने उतरायचं. बाकी कुणाला हे काम नको असतं. वर्षानुवर्षं हे दोघंच.

"पक्कड बोथट झालीय."

"पक्कड मागच्याच महिन्यात घेतली. चहा झाला का?"

"झाला."

"साखर घालायची राहिली वाटतं. तोंडावरून दिसतंय."

तो हसला नाही. पैलवान बाकावर बसला आणि पायाला पॅड बांधू लागला. मग मान वर न करता, सहज बोलल्यासारखं म्हणाला, "धाकट्याची काळी आज तिसरी आहे. मी घेतो तिला."

"का?"

"का म्हणजे... तुमचा मेव्हणा. घरचं कुत्रं."

"माझ्या घरचं नाही."

"बरं, त्याच्या घरचं. तरीपण. परीक्षकांना मी सांगतो, ते काही नाही म्हणणार नाहीत."

"काळीला मी घेणार."

पैलवानाने पॅडचा पट्टा ओढून पाहिला, सैल केला, पुन्हा आवळला. "बघा बुवा," एवढंच म्हणाला. या 'बघा बुवा'ची त्याला सवय झाली होती. बायको गेल्यापासून सगळे त्याच्याशी असंच बोलत – अर्धं वाक्य बोलायचं आणि उरलेलं खाली ठेवून द्यायचं, जसं काही तो आजारी आहे आणि ताट त्याच्या उशाशी ठेवून पाय न वाजवता निघून जायचंय.

त्याने पक्कड भिंतीशी फेकली. दात तसाच.

काळीला तो आज पळवून लावणार होता. हे त्याने काल कुत्र्यांची नावं वाचून दाखवली तेव्हाच ठरवलं होतं, आणि ठरवल्यावर बऱ्याच दिवसांनी त्याला शांत झोप लागली होती.

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. बाहेरच्याला वाटतं, चोराचं काम म्हणजे कुत्र्याकडून चावून घ्यायचं. पण कुत्रं चोराच्या हातात असतं. पूर्ण वेगाने अंगावर येणाऱ्या कुत्र्याला चोराने शेवटच्या क्षणी वळून झेलायचं असतं – स्लीव्ह पुढे, अंग बाजूला, बिजागरीवर दार फिरावं तसं – म्हणजे धक्का फिरण्यात जिरतो, कुत्र्याच्या मानेवर येत नाही. आणि नजर. नजर थोडी खाली ठेवली की कुत्र्याला धीर येतो. नजर त्याच्या डोळ्यांत रोखली, छाती सरळ ठेवली, आवाज पोटातून काढला, तर कच्च्या काळजाचं कुत्रं अर्ध्या वाटेवरून वळतं. परीक्षकाला यातलं काही दिसत नाही, त्याला दिसतं ते फक्त कुत्रं पळाल्याचं. आणि एकदा मैदानावरून पळालेलं कुत्रं पुन्हा उभं राहत नाही. दुसऱ्या दिवशी फाटकातून आलेल्या पोस्टमनलाही ते शेपूट घालतं. इतकी वर्षं त्याने कुणाची बाजू घेतली नव्हती, मित्राच्या कुत्र्याला जेवढा दाब तेवढाच वैऱ्याच्या कुत्र्याला – म्हणूनच त्याच्या शब्दाला मैदानावर किंमत होती. आज ती किंमत तो एका कुत्रीवर उधळणार होता. उधळू दे. ठेवून तरी कुणासाठी ठेवायची?

धाकटा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ती त्याला धाकट्या म्हणायची, म्हणून सगळेच म्हणत, आता त्याचे केस पिकले तरी. घरात दुसरं कुणी नाही. काळीला त्याने बोटभर असल्यापासून वाढवलं, तिच्या पिल्लांवर आपलं कुत्र्यांचं घराणं उभं करायचं त्याच्या मनात. बोलतो तेव्हा तिच्याबद्दलच बोलतो. म्हणूनच काळी. माणसाला कुठे धरायचं हे चोराला नको का कळायला?

पहिली परीक्षा स्वभावाची. यात चावणं नाही, धावणं नाही. कुत्र्याला माणसांच्या घोळक्यातून न्यायचं, घोळक्याने त्याच्याभोवती आवळत यायचं, एका अनोळखी माणसाने मालकाशी हात मिळवायचा, आणि कुत्र्याने ना गुरगुरायचं ना मालकाच्या पायामागे लपायचं. माणसं कमी पडत होती. परीक्षकांनी त्यालाही घोळक्यात उभं केलं. "पोशाख नाही घातलेला अजून, चालेल. तुम्ही हात मिळवा," म्हणाले. जाड चष्म्याचा, मितभाषी माणूस. बोलला की आदेशच.

धाकटा समोर आला. काळी त्याच्या डाव्या पायाला लागून. ती गेली त्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच दोघांचे हात एकमेकांना लागत होते. धाकट्याचा हात ओला होता.

"भाऊजी," तो ओठ न हलवता म्हणाला, "जरा सांभाळून घ्या हां तिला."

सांभाळून घ्या.

त्याने हात सोडवून घेतला. काळीने त्याच्याकडे वर पाहिलं, पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं, जसं शहाणं कुत्रं बघतं. मागे पिस्तुलाचा बार झाला – कोरा, फक्त आवाजाचा – परीक्षक तेव्हा पेनाचं टोपण शोधत होते. त्याला मात्र दिसलं. तिचे कान मागे गेले, कमरेला एक बारीक हिसका बसला आणि लगेच ती सावरली, जणू काही झालंच नाही. धाकट्यालाही ते कळलं असणार. म्हणूनच 'सांभाळून घ्या'. तर ही अशी आहे. कातडीखाली भित्री आहे. सोपं काम.

आज्ञापालन सुरू झालं तेव्हा तो कडेच्या बाकावर जाऊन बसला. काळी चांगली चालत होती. बस म्हटलं की बसत होती, ये म्हटलं की तीरासारखी येत होती. मग शेवटी ते – धाकट्याने तिला मैदानाच्या कोपऱ्यात आडवं व्हायला सांगितलं आणि स्वतः दूर जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. दुसरं कुत्रं येऊन आपला सगळा कार्यक्रम करेपर्यंत हिने हलायचं नाही. काय चाललंय कळत नाही, मालक का गेला कळत नाही, समोर दिसते ती फक्त एक पाठ. आणि तरी पडून राहायचं. विश्वास ठेवून.

याला आज्ञापालन म्हणतात...

धाकट्याच्या स्वयंपाकघरातलं ते टेबल. ती जाऊन थोडे दिवस झाले होते. हातात चहाचा कप होता आणि धाकटा अचानक रडायला लागला, रडता रडता म्हणाला, "मला माफ करा भाऊजी, ताईने मला शपथ घातली होती." कसली शपथ? मग सगळं बाहेर आलं. आजार तिला उन्हाळ्याच्या आधीच कळला होता. डॉक्टरांकडे धाकट्यालाच घेऊन गेली, तपासण्या त्याच्याच सोबतीने केल्या. नवऱ्याला सांगितलं, पित्त आहे, पथ्य दिलंय. तो गावोगाव परीक्षांसाठी फिरत होता, त्याने विचारलं, पथ्य पाळतेस ना, ती म्हणाली, पाळतेय. आणि शेवटी जेव्हा तिला उचलूनच न्यावं लागलं तेव्हा दवाखान्यातल्या खाटेभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं – भावाला, डॉक्टरला, शेजारणीला, झाडणाऱ्या बाईलासुद्धा असेल – आणि हा एकटाच विचारत फिरत होता, पित्ताने इतकं कसं होईल, पित्ताने असं कुणाला होतं का.

"पण मला का नाही सांगितलं?"

"ती म्हणाली, त्यांना सांगू नकोस. त्यांना झेपणार नाही."

झेपणार नाही. कुणाला काय झेपतं हे बघण्यात माझा जन्म गेला. चाळीस किलोचं जनावर सुसाट अंगावर येतं तेव्हा मी पाय रोवून उभा असतो. गल्लीत कुणी तिला विचारलं की तुझा नवरा काय करतो, तर ती म्हणायची, "चोर आहे, पण रोज पकडला जातो," आणि स्वतःच आधी हसायची. त्या बाईने भावाला बाजूला घेऊन माझी परीक्षा घेतली, मला न सांगता, मी मैदानात आहे हेही मला माहीत नसताना. आणि नापास केलं. निकालही मला कळवला नाही.

आणि हा, भाऊ, मान हलवून आला. हो ताई. नाही सांगत ताई. याला नाही वाटलं एकदाही की या माणसाला दाराआड घेऊन सांगावं? शपथेचं काय घेऊन बसलाय, शपथा मोडायलाच असतात. एक वाक्य पुरलं असतं. मी सगळ्या परीक्षा सोडून घरी बसलो असतो. नसतो? बसलोच असतो. काय केलं असतं घरी बसून, ते पुढचं पुढे.

"चला," पैलवान म्हणाला. "तुमची वेळ झाली." आणि थोडा थांबून, "अजूनही मी जाऊ शकतो हां. मला व्यायाम पाहिजेच आहे, डॉक्टर म्हणतात वजन वाढलंय."

"तुझं?"

"अहो, हाडांचं."

आता त्याला थोडं हसू आलं असतं, पण ते ओठांपर्यंत येईना. त्याने स्लीव्ह चढवली.

मैदानाच्या टोकाला कॅनव्हासचा आडोसा असतो, त्रिकोणी, एक माणूस उभा राहील एवढाच. चोराने त्यात लपायचं. कुत्र्याने शोधून काढायचं, पण चोर हलला नाही तर चावायचं नाही; समोर उभं राहून भुंकायचं आणि मालक येईपर्यंत त्याला जागच्या जागी खिळवून ठेवायचं. चोरानेही हलायचं नाही, कुत्र्याच्या डोक्यावरून समोर बघत राहायचं. आत कॅनव्हासचा आणि जुन्या घामाचा वास होता. बाहेर धाकट्याचा आवाज आला, "शोध!" आणि गवतावरून पायांचा आवाज.

ती वळसा घालून आली आणि थबकली. मग भुंकायला लागली.

भुंकणं वरच्या पट्टीतलं. छातीतून येणारं नाही, गळ्यातून येणारं. आणि प्रत्येक भुंकण्याला मागचे पाय बोटभर मागे सरकत होते, मग ती त्यांना ओढून परत पुढे आणत होती. म्हणजे तिला पळायचं होतं आणि ती पळत नव्हती. त्याने असली हजार कुत्री पाहिली होती. अशांना तयार करायची एक रीत असते. लहान असताना त्यांच्यापुढे चोराने घाबरायचं. कुत्रं एकदा भुंकलं की दचकायचं, मागे सरायचं, पाय लावून पळायचं. स्लीव्हला नुसता दात लागला की कळवळून ओरडायचं आणि स्लीव्ह हातातून सोडून द्यायची – घे, तू जिंकलास. मग ते पिल्लू ती भलीमोठी बाही तोंडात धरून मैदानभर मिरवतं, शेपूट वर करून, आपल्याला जग घाबरतं अशा तोऱ्यात.

बायको डबा घेऊन यायची कधीकधी, कुंपणाशी उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "त्याला कळत नाही का हो, तुम्ही मुद्दाम हरताय ते?"

"कळलं तर सगळं फुकट."

"मग तो खरा शूर कसा?"

"आधी खोटाखोटा व्हायचं. मग सवय लागते."

"बिचारा," ती म्हणाली होती. बराच वेळ त्या पिल्लाकडे बघत होती आणि...

काळी भुंकत होती. लाळ त्याच्या पॅडवर उडत होती.

आणि तो उन्हाळा. खिडकी. आमचं वर्षानुवर्षांचं भांडण, मला उघडी हवी, तिला बंद. त्या उन्हाळ्यात म्हणाली, असू दे उघडी. कपाट भिंतीच्या या बाजूला की त्या बाजूला – तुम्ही म्हणता तिकडे. रेडिओ. भाजीतलं मीठ. तिच्या बहिणीकडे जायचं की नाही. ती ऐकून घेणारी बाई नव्हती, आमची भांडणं खालच्या मजल्याला पाठ होती, मी एक बोललो तर ती चार बोलायची आणि तिची चारही बरोबर असायची. आणि त्या उन्हाळ्यात प्रत्येक वेळी – बरं, तुमचं खरं. मला वाटलं, वयाने मऊ झाली. मला वाटलं, शेवटी पटलं हिला. पैलवानाला मी सांगितलंसुद्धा होतं, बायको आता ऐकायला लागली रे, छाती पुढे काढून सांगितलं होतं...

मी तोंडात स्लीव्ह धरून घरभर फिरत होतो.

स्लीव्हमधली मूठ इतकी आवळली गेली की मनगटात कळ आली. हलायचं नव्हतं. तो हलला नाही. समोर ती कुत्री त्याला खिळवून होती आणि तिला ठाऊक नव्हतं की तिच्यापुढे उभा असलेला माणूस आता कुणालाही सांभाळून घेणार नाही. जन्मभर सांभाळून घेतलं कुत्र्यांना. बघू, न सांभाळता काय होतं. बघू, कुणाला काय झेपतं.

धाकटा आला, काळीला पायाशी बोलावून घेऊन गेला. त्याच्याकडे बघितलंही नाही.

शेवटची परीक्षा धैर्याची. चोराने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि तिथून ओरडत, काठी उगारत, सरळ कुत्र्याच्या दिशेने धावत यायचं. मालकाने कुत्रं सोडायचं. दोघं मध्यावर भेटतात. यात लपवाछपवी नसते असं म्हणतात.

परीक्षकांनी हात वर केला.

तो धावला. ओरडला. ओरडायचं ठरलेलंच असतं, हा, हो, असं काहीतरी, पण घशातून जे निघालं ते ठरलेलं नव्हतं, त्यात शब्द नव्हते, आणि तो आवाज थांबेना, एक श्वास संपला की दुसऱ्यात सुरू व्हायचा, कडेला बसलेली माणसं उभी राहिलेली त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. समोरून काळी येत होती, जमिनीसरशी. त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. छाती सरळ. खांदा सरळ. काठी वर.

अर्ध्या वाटेवर तिचा वेग तुटला.

हा क्षण. तो त्याच्याइतका कुणाला ओळखता येत नाही. कुत्र्याचं डोकं बोटभर बाजूला वळतं, पुढचा पाय जमिनीवर जरा जास्त वेळ राहतो. याच क्षणी नजर खाली घ्यायची असते, खांदा थोडा पडू द्यायचा असतो, म्हणजे कुत्रं येतं. याच क्षणी त्याने नजर आणखी रोखली. आणखी मोठ्याने ओरडला. पळ. पळ तू. जा धाकट्याकडे, सांग त्याला, नाही झेपलं.

ती आली.

वेग तुटलेला, कान चिकटलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असलेला, अशी ती आली आणि उडी घेतली. आणि तो वळला नाही. भिंतीसारखा समोर आला. धक्का दोघांनाही सारखाच बसला. त्याच्या छातीतला श्वास निघून गेला, तिची मान मागे दुमडली, मागचं धड हवेत फिरून त्याच्या मांडीवर आपटलं. संपलं, असं वाटलं. पण हाताला वजन होतं. लटकली होती. त्याने तिला ढकलत नेलं, काठी मारली – नियमात दोन असतातच – आणि पुन्हा मारली, तीही नियमाचीच पण नियमाच्या हाताने नव्हे. ती सुटली नाही.

पूर्ण तोंडाने नव्हतं धरलेलं. शूर कुत्रं दाढांपर्यंत ताग भरून घेतं आणि मग शांत होतं, हाताला त्याचं नुसतं वजन लागतं. हिने पुढच्या दातांनी धरलं होतं, चिमटीत धरावं तसं. आणि थरथरत होती. ताग जाड असतो, आत चामडं असतं, तरी ती थरथर कोपरापर्यंत येत होती, बारीक, न थांबणारी. इतकी घाबरली होती की तिला पळणं हा एकच मार्ग होता आणि तिने तो घेतला नव्हता.

तो उभा राहिला. ओरडणं कधी थांबलं होतं कळलं नव्हतं.

"सोड," लांबून धाकट्याचा आवाज आला. चिरका. "काळे, सोड."

तिने सोडलं. समोर बसली. भुंकायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. तोंड उघडत होतं, मिटत होतं.

परीक्षक चालत आले. घाई न करता. "वळला का नाहीत?"

"नाही वळलो."

"तिची मान गेली असती."

"हो."

 मग या मैदानाच्या रीतीप्रमाणे जे प्रत्येक कुत्र्यानंतर विचारतात ते त्यांनी विचारलं, कारण धरलेलं कसं आहे ते बाहेरून कितीही बघितलं तरी शेवटी चोराच्या हातालाच कळतं. "हाताला काय कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. एका शब्दात काळी संपली असती.

"पुढचे दात. अर्धं तोंड. घाबरलेली होती."

"आणि?"

"सोडलं नाही."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "ही फेरी मी धरत नाही. मालकाची तयारी असेल तर थोड्या वेळाने पैलवान परत घेईल. नसेल तर तिला आज घरी नेऊ दे. त्याचं त्याने ठरवावं." मग आवाज न चढवता, "तुम्ही स्लीव्ह काढा. आज पुन्हा घालायची नाही."

धाकटा पाण्याच्या टाकीमागे सावलीत बसला होता. काळी त्याच्यापुढे आडवी, आणि तो तिच्या मानेवरून बोटं फिरवत होता, एकेक मणका दाबून बघत.

"बघू दे मला."

"हात लावू नका."

तो उभाच राहिला. धाकट्याने मान वर केली नाही. "मुद्दाम केलंत. मला काही म्हणायचं होतं तर मला म्हणायचं. मारायचं तर मला मारायचं. हिने काय केलंय तुमचं?" बोटं मणक्यांवरून चाललीच होती. "ताई म्हणाली होती ते खरंच आहे."

यावर टाकायला त्याच्याजवळ किती शब्द होते. महिनोन्‌महिने घासून ठेवलेले – रस्त्याने चालताना, आंघोळ करताना, रिकाम्या घरात मोठ्याने बोलून पाहिलेले. त्याने तोंड उघडलं. पण डावा हात अजून थरथरत होता. ती त्याची थरथर नव्हती, हातात राहून गेलेली दुसऱ्याची होती, आणि तिच्यामुळे त्याला त्या शब्दांतला एकही आठवेना.

"घाबरायची का रे ती?" तो म्हणाला.

धाकट्याने वर पाहिलं.

"तुझी ताई. कळल्यानंतर. घाबरायची का?"

धाकट्याची बोटं थांबली. "माझ्यापुढे नाही," तो म्हणाला. आवाजातला राग अजून तसाच होता, पण तो आता कुठे ठेवावा हे त्याला कळत नसावं. "रिपोर्ट वाचला, घडी केली, पर्समध्ये ठेवला. म्हणाली, चल, तुला चहा पाजते, तोंड बघ केवढंसं झालंय तुझं. मलाच समजावत होती. मला वाटायचं, घरी गेल्यावर तुमच्यापाशी... काही न सांगता का होईना, रडत तरी असेल."

"माझ्यापाशी नाही."

"कधीच नाही?"

"मला माहीतच नव्हतं ना."

"हो," धाकटा म्हणाला. "तेही आहेच."

 काळीची कूस भराभर वरखाली होत होती. म्हणजे यालाही सांभाळूनच घेतलं. याला वाटत होतं माझ्यापाशी, आणि मला तर... मग कुठे? आपल्या घराला खोल्या अशा किती. तो एकेक बघत गेला. स्वयंपाकघरात नाही, तिथून सगळं दिसतं. मागच्या गॅलरीत नाही, समोर शेजारीण. झोपायच्या खोलीत मी. इतक्या लहान घरात माणूस घाबरायला कुठे जाईल... आणि तेव्हा त्याला बाथरूमचा नळ ऐकू आला. त्या उन्हाळ्यातला. बादलीत पडणारा नाही, खाली फरशीवर नुसताच सोडलेला, आवाजावरून कळायचं, आणि बराच वेळ. मी बाहेरून दारावर थाप मारली होती. "पाणी काय फुकट येतं का? बंद कर तो नळ." आणि तिने बंद केला. भांडली नाही. पुन्हा कधी तो तसा सोडलेला ऐकला नाही, आणि मी विसरूनही गेलो, जिंकलेली भांडणं कोण लक्षात ठेवतं?

पलीकडे पैलवानाने स्लीव्ह चढवली होती आणि तो इकडे बघत उभा होता. परीक्षकांनी विचारलं, काय ठरलं. काळी उठून उभी राहिली, अंग झटकलं, मैदानाकडे तोंड करून कान टवकारले – जायचंय म्हणून की भीतीने, ते इथून सांगता येत नव्हतं.

"काय करू, भाऊजी?" धाकटा विचारत होता. इतकं होऊन त्यालाच विचारत होता, कारण तिचे दात फक्त त्याच्या हाताला माहीत होते. "सोडू का परत? झेपेल का तिला?"

त्याला ते ऐकू येत होतं. उत्तर द्यायला हवं, हेही कळत होतं. पण तो त्या दाराबाहेर उभा होता, थाप मारलेला हात अजून वर, आणि काही केल्या त्याला आठवत नव्हतं – नळ बंद झाल्यावर मी क्षणभर तिथे थांबलो होतो, की तसाच निघून गेलो होतो.